पिवळी चावी

शनिवार, ११ जानेवारी २०२५, संध्या. ६.४०

गाळ्याच्या पायरीवर बसून दोन फळ्यांमधली टेप सोडवत होतो. तेव्हा कळलं.

पाच शनिवार गेले या दारांवर. आईच्या देव्हाऱ्याची जोडी. सागाच्या दोन पातळ फळ्या एकावर एक बांधायच्या आणि एकदमच कापायच्या, म्हणजे दोन्ही दारं सारखी निघतात. प्रत्येक भोकाला मशीनचं पातं सोडवा, छिद्रातून ओवा, आवळा, कापा, पुन्हा सोडवा. मागच्या शनिवारपर्यंत कापलेली जाळी दोन्हीकडे सारखी. आज कापलेली मधली वेल, जिच्यासाठी सगळा खटाटोप, ती वरच्या दारावर ठीक आणि खालच्या दारावर उंदराने खाल्ल्यासारखी. पट्टी वर तीन मि.मी., खाली दोनसुद्धा नाही. बोट लावलं तर एक मोडली.

आत जाऊन स्क्रोल सॉचं (जाळी-नक्षी कापायची मशीन) टेबल बघितलं. काटा तीन अंशांवर. म्हणजे पातं आज दिवसभर तिरकं चाललं.

टेबल तिरकं करायला कोणाची ना नाही. दोन रंगांची लाकडं एकमेकांत बसवायची तर तिरकंच कापावं लागतं. पण जाताना शून्यावर आणायचं, त्यावर गुण्या उभा करायचा, स्विचमधली पिवळी चावी काढून खिळ्याला लावायची. गुण्या उभा म्हणजे टेबल काटकोनात, पुढच्याने पुन्हा तपासायची गरज नाही. हा घरतकाकांचा नियम. गाळा त्यांचा, मशीन त्यांची, आम्ही नऊ जण शनिवारी येणारे.

आज मी आलो तेव्हा गुण्या उभा होता.

शुभांगीताई (कानातली करतात, लाकडाची, फार छान) म्हणाल्या, "अरे, काय सुंदर झालंय!" राणेसर चष्मा वर करून म्हणाले, "लांबून काही कळत नाही हो." जवळून कळतं ना! देव्हारा काय रस्त्याच्या पलीकडून बघणार आहे आई?

कोणी केलं विचारलं. सगळे आपापल्या फळ्यांकडे वळले. घरतकाकांनी चहा ओतून दिला. बशीत सांडला.

मी चहा प्यायलो नाही.


१२ जाने., रवि.

आईने दार उजेडात धरलं. "नाजूक दिसतंय की रे." मी काढून घेतलं हातातून. नाजूक नाही, चुकलंय.

आप्पांना (वडिलांना) सुट्टी. कांदा-बटाटा मार्केट बंद. स्क्रोल सॉला ते शिलाई मशीन म्हणतात, कारण पातं सुईसारखं वर-खाली होतं. "दाराला भोकं पाडाय पाच आठवडं? मी फुकट पाडून दिली आस्ती की रं." आई हसली. मीही हसलो असतो, दुसऱ्या दिवशी.

मग जेवताना, न बघता, "कुनी केलंय ते इचार. आमच्यात पोत्यांची थप्पी चुकली तर ज्यानं लावली त्यानंच उतरवायची. मुकादम आला तरी त्यानंच."

बरोबर आहे. मला नुकसानभरपाई नको. मला फक्त माणूस हवाय, "मी केलं" म्हणणारा.


१४ जाने., मंगळ.

संक्रांत. शु.ताईंनी माझ्या दारांचा फोटो ग्रुपवर टाकला. न विचारता. चांगल्या बाजूचा. अकरा अंगठे, सहा हात जोडलेले, एक फटाका. "जादू आहे पोराच्या हातात!"

मी लिहिलं : "मागच्या आठवड्यात टेबल तीन अंशांवर ठेवून वर गुण्या कोणी उभा केला? कृपया सांगावे." तीनदा वाचून पाठवलं. ऱ्हस्व-दीर्घ बघितलं.

चाळीस मिनिटांनी रा.सरांकडून तिळगुळाच्या वाटीचं चित्र. "तिळगूळ घ्या, गोड बोला."

या लोकांना वर्षभर संक्रांत असते. पातं तुटलं, वा. कान तुटला हत्तीचा, तोही वा, बिनकानाचा हत्ती वेगळा दिसतो. मागे मी मुद्दाम घाणेरडी कापलेली की-चेन ठेवली होती बघायला. तिलाही वा. मग चांगल्या कामाला म्हटलेल्या वा-चं काय करायचं?

गोडाऊनमध्ये आज आठशेच्या वर पार्सलं स्कॅन केली. एकही चुकीच्या गावाच्या पिंजऱ्यात, म्हणजे जाळीच्या गाडीत, टाकलं नाही. तिथे वा म्हणत नाहीत. तिथे चुकलं तर नाव येतं स्क्रीनवर. आज वाटलं ते बरं.


१८ जाने., शनि.

मुद्दाम लवकर गेलो, सगळ्यांच्या आधी. शटर अर्धं वर. आत कोणी नाही.

गुण्या उभा. काटा तीनवर. आणि पातं उलटं लावलेलं, दाते वरच्या दिशेला. असं लावलं की लाकूड खाली बसत नाही, उसळतं, आणि लाकडाबरोबर बोटं. पहिल्या दिवशी शिकवतात हे. पहिल्या दिवशी!

मी हात लावला नाही. पुरावा म्हणून फोटो काढत होतो तेवढ्यात शु.ताई आल्या. त्यांना मी कपाटाआड दिसलो नाही. पर्स अडकवली, सरळ मशीनपाशी, पातं काढलं, सुलटं केलं, टेबल शून्यावर, गुण्या लावून बघितला, उभा केला. एक मिनिटही नाही लागलं. रोज दिवा लावावा तसं.

मी म्हणालो, "म्हणजे तुम्हीच?"

दचकल्या. "अरे देवा. कधी आलास?"

"तुम्हीच करता का हे?"

"मी सरळ करते, सुनील. वाकडं नाही करत."

"मग कोण करतं?"

"तू काम कर बघू. कॉफी हवी का?"

ड्रॉवरमध्ये पाती शोधायला गेलो. एकाच नंबरच्या पात्यांची सात पाकिटं. न फोडलेली. रा.सर म्हणाले, ऑफर होती. कशाची ऑफर! नऊ माणसांत आम्ही वर्षाला तीन वापरतो.

काका उशिरा आले. "काय सुनील, आईचा देवारा झाला का?" म्हटलं, दारं बिघडली. त्यांना आश्चर्य वाटलं. मागच्या शनिवारी समोर उभे होते, चहा दिला होता.

दिवसभर डोक्यात नुसती आग. लपवतायत सगळे, आणि हसून लपवतायत.


१९ जाने., रवि.

शांतपणे लिहायचा प्रयत्न.

दोन वर्षांपूर्वी मी या गाळ्यात पार्सल द्यायला गेलो होतो. तेव्हा बाईकवर होतो, गोडाऊनमध्ये नव्हतो. दारातून दिसलं : एक म्हातारा माणूस टेबलावर वाकलेला, लाकडाची फळी दोन हातांनी कागदासारखी फिरवतोय, आणि फळीतून घोडा निघतोय. मी सही घ्यायची विसरलो. ते न बघता म्हणाले, "उबा का? बस." मागे सतरा डिलिव्हरी राहिल्या होत्या. बसलो.

नंतर कळलं, पार्सलात पातीच होती.

दहावीत गणितात उडालो तेव्हापासून मला कोणी काही नवीन शिकवलं नव्हतं. काकांनी शिकवलं. रेघेच्या आत नाही, बाहेर नाही, रेघेवर. लाकूड ढकलायचं नाही, त्याला जाऊ द्यायचं. "गुन्या उबा केल्याबिगर मशीन सोरायची नाय. हात आपला हाय, भाड्याचा नाय."

माझी छाती सारखी धडधडते, कुलूप लावलं का म्हणून मी तीनदा परत येतो, सगळ्यांना माहीत आहे. मशीनवर बसलो की थांबतं ते. आवाज एकसारखा, भुगा पायावर पडतो गरम-गरम, डोळ्यांसमोर फक्त रेघ. उठलो की खांदे हलके. ग्रुपमधल्या लोकांनी मला कधी माझ्या नोकरीवरून, शिक्षणावरून विचारलं नाही. रा.सरांनी दारांची नक्षी काढून दिली, फुकट, चार वेळा बदलून.

म्हणूनच राग येतो. परक्यांनी केलं असतं तर एवढा आला नसता.


२३ जाने., गुरु.

दुपारची पाळी. सकाळी दहाला गाळ्यावर गेलो, दारांचं नीट माप घ्यायला. बाहेरूनच मशीनचा आवाज.

काका एकटे. मशीन चालू. पातं वर-खाली. फळी टेबलावर, डावा हात फळीवर, आणि काका बघतायत दाराबाहेर. ट्रक रिव्हर्स घेत होता तिकडे. अंगठा पात्यापासून, मी मापत नाही आता, पण माझ्या करंगळीएवढाच दूर. ट्रक गेला तरी ते तिकडेच बघत होते.

मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर हात हलला असता. भिंतीकडून फिरून गेलो, प्लग काढला.

"आरे. लाइट गेली काय?"

"हो काका."

का खोटं बोललो माहीत नाही. तोंडातून आलं.

त्यांच्याजवळ बुटाचा खोका. आत एक होडी होणार आहे, दोन लाकडांची, खाली साग, वर पांढरं शिवणीचं लाकूड. त्यांच्या वडिलांची होडी, खाडीत मिठागरावर जायची ती. म्हणून टेबल तिरकं. मला उत्साहाने दाखवत होते. "ह्यो शीर बग."

शीड सुंदर कापलेलं. खोक्यात हात घातला, दुसरं शीड. तेच माप, तीच रेघ. तिसरं. चौथं. पाचवं. सगळी एकसारखी, एकेक वेगवेगळ्या दिवशी कापलेली. होडीचा तळ नाही, डोलकाठी नाही, नुसती पाच शिडं.

"बाकीची होडी?" मी विचारलं.

"आता शीर झाला का करतो."

सगळं जागेवर बसलं, सात पाकिटं, उलटं पातं, चहा सांडलेला.

कामावर दोन पार्सलं चुकीच्या पिंजऱ्यात.


२५ जाने., शनि.

काका जेवायला घरी गेल्यावर मी शटर खाली ओढलं. शु.ताई, रा.सर आणि मी.

दोघांना माहीत आहे. दिवाळीच्या आधीपासून!

"मग मला का नाही सांगितलं?"

शु.ताई : "तू गप्प बसला असतास? ग्रुपवर 'कृपया सांगावे' लिहिणारा माणूस तू."

रा.सर : "अहो सुनील, काकांच्या मुलाला, प्रशांतला, कळलं तर गाळा भाड्याने जाईल. तो बिल्डर माणूस. काका घरी बसतील टीव्हीसमोर. इथे आहेत तोवर काका आहेत."

"आणि बोट?"

"शनिवारी आपण असतोच की. मी नाहीतर ताई लवकर येतो, सगळं सरळ करतो. तुमच्या दारांच्या शनिवारी दोघांनाही उशीर झाला."

"इतर दिवशी?"

"इतर दिवशी ते मशीन फारशी लावत नाहीत. नुसते बसतात, रेडिओ ऐकतात."

मी गुरुवारचं सांगितलं. अंगठा दाखवला, किती दूर होता ते.

शु.ताई खाली बसल्या. रा.सर बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "बघू. काहीतरी करू. एकदम नको."

बघू! पातं मिनिटाला हजार वेळा खाली येतं, ते थांबणार आहे का बघू म्हटल्यावर? आणि डॉक्टरला दाखवलं का, तर माहीत नाही. काकांशी बोललात का, तर छे, त्यांना वाईट वाटेल. चार महिने हे दोघे एका माणसाच्या मागे जाऊन त्याचं वाकडं सरळ करतायत, आणि त्याला वाटतंय की सगळं सरळच आहे. माझी दारं त्यात गेली ते सोडा. दारं सोडली मी.

जाताना चावी काढायची पाळी माझी होती. पिवळी प्लास्टिकची, बोटाच्या पेराएवढी. ती नसेल तर स्विच दाबला जातो पण मशीन सुरू होत नाही. बाजारात मिळत नाही, कंपनीकडून मागवावी लागते.

खिळ्याला लावली नाही. खिशात टाकली.


२९ जाने., बुध.

चावी पाकिटात. दर तासाला हात लावून बघतो, आहे का.

काकांचा फोन. "सुनील, ती पिवली चावी तुना दिसली का रं? मशीन चालूच होत नाय."

"नाही काका."

"मीच कुटं टाकली का काय."

"असेल तिथेच. सापडेल."

फोन ठेवला आणि स्कॅनर फेकावासा वाटला. शु.ताईंवर चिडत होतो, चार महिने खोटं वागल्या म्हणून. मला तिथवर यायला चार दिवस लागले.

पण बोटं दहा आहेत आज. हे पुन्हा पुन्हा स्वतःला सांगतोय.


१ फेब्रु., शनि.

आज जे झालं ते कसं लिहू.

गेलो तर सगळे ड्रॉवर उलटे. काकांनी सकाळपासून चावी शोधायला घेतली होती. खिळे, स्क्रू, पाती सगळं जमिनीवर वर्तमानपत्रावर मांडलेलं. काका मध्ये मांडी घालून, भुगा चाळणीने चाळत होते. भुग्यात चावी शोधत होते.

आणि सगळे मदत करत होते! शु.ताई बाकाखाली टॉर्च धरून. रा.सर, बासष्ट वर्षांचे, गुडघ्यांवर. "इथे नाही हो काका." "कपाटामागे बघू या का?" दोघांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. त्यांना कळलंय. मी शेवटचा निघालो होतो, कळणारच. आणि पुन्हा शोधायला वाकले. मला सांभाळून घेत होते. माझं वाकडंही सरळ करत होते.

मीही शोधलं. चावी खिशात आणि मी पत्र्याच्या डब्यात हात घालून शोधलं.

मग काकांनी कपाळावर हात मारला. हळू नाही, जोरात, दोनदा. "मेंदू सरला माजा. मीच टाकली. मनाच काय लक्शात ऱ्हात नाय." शु.ताईंनी हात धरला. "अहो काका, मीपण विसरते." "तू पोरगी हायस. मना म्हाईत हाय मना काय होतंय."

म्हणजे त्यांना माहीत आहे. थोडं तरी माहीत आहे. आणि माझ्या खिशातल्या चावीने ते पक्कं केलं. जे त्यांनी हरवलं नव्हतं, तेही त्यांच्या नावावर लावलं मी.

बाहेर येऊन पाण्याच्या टाकीला लाथ मारली. अंगठा सुजलाय. बरं झालं.


३ फेब्रु., सोम.

काम सुटल्यावर बोनकोड्यात प्रशांतदादाच्या ऑफिसवर गेलो. ठरवून. रिक्षात वाक्य पाठ केलं होतं.

तोच आधी म्हणाला, "काय रे, ही पिवळी चावी काय प्रकार हाय? बाबा घरभर शोधतायत. काल देव उचलून खाली बघितलं."

म्हटलं, "दादा, काकांना विसरायला होतं."

तो हसला नाही, चिडलाही नाही. मोबाईल उलटा ठेवला. "माहीत हाय. गणपतीपासून. डॉक्टरला दाखवलंय, गोळ्या चालू हायत. बाबांना सांगितलंय बीपीच्या हायत."

"मग गाळ्यावर कसं पाठवता एकटं?"

"एकटं कुठं? तुमी लोक असता ना. तुमी हाय म्हणून तर मी निर्धास्त. तुमाला सांगितलं असतं तर तुमी घाबरून त्यांना मशीनला हात लावू दिला नसता. तेवढंच एक सुख हाय त्यांना."

मला हसू आलं. खरंच आलं, घाणेरडं. हे लोक मुलापासून लपवतात, मुलगा या लोकांपासून लपवतो, आणि मधे तो माणूस, एकटा, चालू मशीनवर, ट्रककडे बघत. सगळे किती चांगले आहेत. एवढ्या चांगुलपणात एक अंगठा जाणार होता.

हे मी बोललो. आवाज चढला असेल. ऑफिसातली दोन माणसं बाहेर गेली.

प्रशांतदादा म्हणाला, "मग तू सांग ना बाबांना. तुला एवढं खरं आवडतं तर."


६ फेब्रु., गुरु.

सकाळी दहा. काका गाळ्यात. मशीन बंद, तर हातकरवतीने कापत बसले होते. सहावं शीड.

पाकिटातून चावी काढली, टेबलावर गुण्याच्या शेजारी ठेवली. "काका, ही माझ्याकडे होती. मी घेतली होती. पंचवीस तारखेला."

त्यांनी चावीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मंजे मी नाय हरवली?"

"नाही. तुम्ही नाही."

तोंडावर जे आलं ते मी विसरणार नाही. परीक्षेत पास झाल्यासारखं. मग ते गेलं आणि दुसरं आलं. "एवरे दिस मना येरा बनवलंस? चालनीनं भुगा चालला मी! तू उबा व्हतास आनि मी भुगा चालला!" उठले. हात उचलला. मारला असता तर बरं झालं असतं. नाही मारला. "कामून केलंस?"

सांगितलं. ट्रक. अंगठा. लाइट गेली नव्हती, मी प्लग काढला होता. खोका पुढे ओढला आणि शिडं एकेक करून ओळीने मांडली. गोड नाही बोललो. मऊही नाही बोललो, येत नाही मला. सगळे ओळखून आहेत हेही सांगितलं. गोळ्या बीपीच्या नाहीत ते नाही सांगितलं. ते प्रशांतदादाचं.

काकांनी शिडं मोजली. बोट लावून. पुन्हा मोजली. मग शेवटचं, हाताने कापलेलं, उचलून कडेला बोट फिरवलं. "ह्यो चांगला नाय झाला."

"नाही. याची कड खडबडीत आहे."

"तूच यक हायस खरा बोलनारा. बाकी समदे वा वा." जरासे हसले. मग हात पुढे. "दे चावी."

"कोणी सोबत असेल तेव्हाच देईन."

"मंग तू बस सोबत."

"माझी ड्यूटी आहे काका. बारा वाजता."

"मंग चावी कशाला दावलीस मना?" आवाज फुटला. "गाला माजा हाय! मशीन माजी हाय!"

चावी उचलली आणि निघालो. मागे ते शिव्या देत होते, आगरीत, आईवरून. रिक्षा मिळेपर्यंत ऐकू येत होत्या. चार महिन्यांत त्या गाळ्यात कोणी कोणावर ओरडलं नव्हतं.

संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं : काकांना सगळं सांगितलं आहे. चावी माझ्याकडे आहे. सोम. ते शुक्र. सकाळी दोन तास कोण बसू शकेल ते कळवावे. रविवार माझा. अंगठे नकोत, वार लिहावा.

अंगठे तीन आले. वार एकच, शु.ताईंचा. मंगळवार.


७ फेब्रु., शुक्र.

रा.सरांनी सकाळी वार लिहिला, गुरुवार. खाली : "पहिल्यांदा चिडलो होतो तुमच्यावर. अजून आहे." बरं वाटलं. प्रशांतदादाने "बघतो" लिहिलंय. सोमवार, बुधवार, शुक्रवार रिकामे. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "बुधवारी मार्केट दुपारनं आस्तं माजं. मला काय येत न्हाई त्यातलं, पर बसाय काय लागतंय?" खरंच म्हणतायत का चेष्टा, कळलं नाही. विचारणार आहे.

जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. काका. उचलू की नको. उचलला. कालच्या शिव्यांची तयारी ठेवून.

"सुनील, तुना ती पिवली चावी दिसली का रं? समदीकरं बगितली. मीच कुटं टाकली वाटतं."

काल ओळीने मांडलेली सहा शिडं, मोजणारं बोट, उचललेला हात. काहीच नाही तिकडे. गेलं. मी एवढं धैर्य गोळा करून जे केलं ते फक्त माझ्यापाशी उरलंय.

"दिसली नाही" म्हटलं असतं तर दोन शब्दांत संपलं असतं. जेवणाची दहा मिनिटं उरली होती. तेव्हा कळलं रा.सर, शु.ताई रोज काय करत होते. आणि तरीही त्यांचं चूकच.

"माझ्याकडे आहे काका. मी घेतली होती."

पलीकडून तसंच, अगदी तसंच :

"मंजे मी नाय हरवली?"

"नाही. तुम्ही नाही."

"मंग कामून घेतलीस?"

घंटा झाली. मी पिंजऱ्यांच्या मागे गेलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो, ट्रकपासून. ते पुन्हा ओरडले. उद्या शनिवार. कदाचित पुन्हा.

खर्च, या दोन महिन्यांचा :
सागाच्या पातळ फळ्या दोन, पुन्हा : ७६०
टेप, पॉलिश पेपर : १३५
रिक्षा, बोनकोडे व रबाळे (गाळा) : २१०
पाती : नाही घेतली, सात पाकिटं आहेत

देणं :
आप्पा, फळ्यांसाठी घेतलेले : ५००
रा.सर, नक्षीच्या झेरॉक्स : २०
घरतकाका, पिवळी चावी : १